थोरलीचं काळीज

खंडाळ्यातल्या एका हॉटेलात धुऊन आलेल्या चादरींच्या घड्या घालणं हे अमृताचं काम. त्या उन्हाळ्यात तिला चादर झटकायचीसुद्धा धास्ती वाटायला लागली. जरा दम लागला की हात छातीवर जायचा. आत धडधडतंय ते रोजच्यासारखंच की वेगळं? आणि वेगळं म्हणजे कसं असतं? ज्या एका माणसाला हे कळलं असेल, ते माणूस फेब्रुवारीत गेलं होतं.

ते माणूस म्हणजे तिची थोरली बहीण, यशोधरा. माहेरच्या गावात, परंदवडीत, सगळे तिला अक्काच म्हणत. नवरा वारल्यावर तान्ही मुलगी घेऊन ती माहेरी आली, ती टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून, रस्ता दाखवत. महिन्याभरात गावाजवळच्या कंपनीत पॅकिंगला लागली. तिथला सुपरवायझर बायकांना शिट्टी वाजवून कामावर हाकायचा. अक्कानं एके दिवशी त्याच्या हातातनं शिट्टी काढून घेतली, आपल्या डब्यात टाकली आणि म्हणाली, "सुट्टी झाल्यावर न्या." सगळ्या बायकांना वाटलं, आता हिची नोकरी गेली. नोकरी राहिली, शिट्टी मात्र परत वाजली नाही.

अमृता तिच्या अगदी उलट. कुत्र्याला भ्यायची, विजेला भ्यायची, विहिरीच्या काठावर उभं राहायला भ्यायची. लहानपणी शाळेच्या वाटेवर म्हशी आडव्या आल्या की ती अक्काचा परकर धरून, डोळे मिटून चालायची. लग्न होऊन लोणावळ्याला आली तरी काही अवघड पडलं की आधी अक्काला फोन.

फेब्रुवारीत एका सकाळी कंपनीची बस सुटायला लागली म्हणून अक्का धावली. ड्रायव्हरनं बस थांबवली, दार उघडलं. "आले की रं," असं हसून म्हणाली आणि पायरीवर पाय ठेवायच्या आधीच खाली बसली. ती उठलीच नाही.

पोस्टमॉर्टेम झाल्यावर डॉक्टरांनी अमृताला बाजूला घेतलं. "तुमच्या बहिणीच्या हृदयाचा स्नायू जाड होता. हे बऱ्याचदा घराण्यात चालत येतं. आई, भावंडं, मुलं, सगळ्यांनी तपासून घ्या. घाबरू नका, पण टाळू पण नका."

त्यातलं 'घाबरू नका' तेवढं सोडून बाकी सगळं अमृताच्या मनात रुतून बसलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजी गेले, पंगत उठली, तेव्हा तिनं थोरल्या भावाला, निवृत्तीला, अंगणाच्या कोपऱ्यात गाठलं आणि डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पण नजर वर केली नाही.

"अमे, आबा म्हातारे हून गेले. आई अजून रानात जाती. आपल्यात कुणाला काय झालंय? आईच्या कानावर हे घालू नगंस. ती आधीच अर्धी झालीया."

"पन दादा, मितू..."

"मितूला तर न्हाईच न्हाई. आई गेली तिची. आता हे बी सांगायचं व्हय तिला?"

मितू म्हणजे अक्काची एकुलती एक लेक, संघमित्रा. अमृतानं विषय तिथंच सोडला. खरं तर तिला हायसं वाटलं होतं. तपासलं नाही तर कुणी काही सांगणारही नाही.

पण भीती आत शिरली ती शिरलीच. वाईट हे झालं की त्या भीतीनं अक्काच्या आठवणीही सोडल्या नाहीत. एकदा भाताच्या लावणीत अक्का चिखलात तोंडावर पडली होती. बरबटलेलं तोंड वर करून म्हणाली, "भुईचा मुका घेतला गं," आणि सगळ्या बायका पोट धरून हसल्या होत्या. आता अमृताला कळत होतं, ती घसरली नव्हती, तिला चक्कर आली होती. डोंगराच्या चढावर अक्का मधेच थांबायची, "जरा गाव बघू दे," म्हणायची. गाव कसलं, तिला दम लागत असायचा. जी आठवण काढावी तिच्यात आजार दिसायला लागला. शेवटी अमृतानं भिंतीवरचा अक्काचा फोटो उतरवून कपाटात ठेवला.

मितू पोलीस भरतीची तयारी करत होती. तळेगावच्या मैदानावर रोज सकाळी पळायची. "आई असती तर वर्दी बघून नाचली असती," म्हणायची. एके दिवशी तिचा फोन आला.

"मावशी, टायमिंग सुधारलं माझं! फक्त शेवटच्या फेरीला डोळ्यापुढं अंधारी येते. सर म्हणतात, स्टॅमिना वाढव, अजून जोरात पळ."

फोन ठेवून अमृता पलंगावर बसली. तिचा नवरा पवन पर्यटकांची गाडी चालवायचा. तो चहा ठेवता ठेवता म्हणाला, "तुला भीती कुणासाठी वाटतीय, पोरीसाठी का स्वतःसाठी?"

दुसऱ्या दिवशी तिनं सुट्टी टाकली आणि पहाटेच्या गाडीनं तळेगावला उतरली.

मैदानावर मुलं-मुली पळत होती. मितू पुढं होती, चेहरा लालबुंद, तोंड उघडं. अमृता चपला तिथंच टाकून मैदानात शिरली आणि पोरीचा हात धरून तिला थांबवलं.

"मावशी! काय करतीस? सगळे बघतायत!"

"बघू दे. तू आता पळू नको."

"का पण?"

"तुझी आई पळता पळताच गेली, मितू."

"तिला बस गाठायची होती. डबल ड्यूटी करून थकली होती ती."

"थकली न्हवती गं. तिचं काळीज जन्मापासून आजारी होतं. तिला बी ठावं न्हवतं. आणि ते आपल्यात बी असंल."

मितूनं हात सोडवून घेतला. मग तिथंच मातीत बसली. अमृताही तिच्या शेजारी बसली. आपण नीट बोललो की नाही, हेसुद्धा तिला कळत नव्हतं.

आठवडाभरानं दोघी हृदयाच्या डॉक्टरांकडे गेल्या. मितू दारातच अडखळली, म्हणून अमृता आधी आत गेली. खोलीत अंधार, छातीवर गार मलम, पडद्यावर काहीतरी करडं उघडमीट करतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचं अगदी ठीक आहे." अमृताच्या अंगात असा आनंद उसळला की तिला रडूच आलं.

मग मितू टेबलावर आडवी झाली. बाईंचा हात एकाच जागी थांबला. त्या मशीनवर काहीतरी टिपत राहिल्या. त्यांनी सांगायच्या आधीच अमृताला कळलं, आणि मघाच्या त्या आनंदाची तिला शिसारी आली.

"पळणं बंद," बाई म्हणाल्या. "रोज गोळी, सहा महिन्यांनी तपासणी. नीट सांभाळलं तर पुष्कळ आयुष्य आहे."

"आणि भरती?" मितूनं विचारलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली.

त्यानंतर मितू बरेच दिवस मावशीशी बोलली नाही. एकदा फोनवर फटकन म्हणाली, "तू सांगितलंच नसतंस तर?"

"तर मी रोज तुझ्या फोनची वाट बघत बसले असते. आणि एक दिवस तुझ्या नंबरावरनं दुसऱ्याच कुणाचा आवाज आला असता."

पलीकडं नुसता श्वास ऐकू येत होता. अमृता तो ऐकत राहिली.

निवृत्तीही गुपचूप तपासून आला. त्याच्याही हृदयाचा स्नायू थोडा जाड निघाला. तो लोणावळ्याला आला, खुर्चीत बसला, म्हणाला, "तवा ऐकायला पायजे होतं मी," आणि पाणी मागितलं.

दिवाळीत मितू मावशीकडे राहायला आली. आता ती तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. करंज्या भरता भरता ती म्हणाली, "मावशी, आईचं काहीतरी सांग. आजाराचं सोडून."

अमृता विचार करत राहिली. मग हळूहळू सांगायला लागली. अमृताच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी अक्का तिला सोडायला खंडाळ्याला आली होती. पाहुण्यांच्या सोफ्यावर मांडी घालून बसली आणि सुटाबुटातल्या मॅनेजरला म्हणाली, "भाऊ, दोन चहा सांगा. बहीण माझी घाबरट हाये, पन कामाला चोख हाये." मॅनेजरनं बिचाऱ्यानं खरंच चहा मागवला. अक्कानं तो बशीत ओतला, फुर्रकन प्यायली आणि त्यालाच सांगितलं, "साखर कमी पडली."

मितू हसायला लागली. हसता हसता वाकली, तिला श्वास पुरेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अमृताच्या हातातली करंजी तशीच राहिली. एवढं हसलेलं चालतं का, हे डॉक्टरांना विचारायचं राहिलंच होतं.

"काय नाही गं मावशी, हसतेय मी," मितू डोळे पुसत म्हणाली. "मग? पुढं काय केलं आईनं?"

अमृताचा आवाज कापत होता. तशीच ती पुढचं सांगू लागली.