तिसरी रिकामी जागा

गेल्या बुधवारी पलसाण्याच्या एका डाईंग मिलमध्ये आमच्या सॉफ्टवेअरची ट्रायल होती... आणि कापड रंगवायच्या ज्या जेट मशीनवर ट्रायल, त्याच मशीनवर ऑपरेटर म्हणून माझे सख्खे मामा उभे होते.

मिलमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं. मामांची सक्त ताकीद होती, "तठे मले मामा म्हनू नको." भाचीच्या कंपनीचा माल म्हणून हा गोड बोलतोय, असं कुणी म्हणायला नको. म्हणून तिथे मी त्यांना 'भाई' म्हणायचे आणि ते मला चक्क 'मॅडम'. बमरोलीला मामांच्या घरी आलो की यावर मामी पोट धरून हसायची.

आता माझं काम थोडक्यात सांगते, कंटाळू नका. एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालतात आणि त्या सगळ्यांना सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरवायजर म्हणतात. साधारण सोसायटीच्या वॉचमनसारखा समजा. व्हर्च्युअल मशीनला काही हवं असलं की ती त्याला एक नंबर सांगते आणि सोबत तीन जागांमध्ये माहिती भरून देते. याला हायपरकॉल म्हणतात.

त्यातला एक कॉल म्हणजे 'मला अमुक वेळेला उठव'. त्यात दोनच जागा वापरात होत्या, तिसरी वर्षानुवर्षं रिकामी. मी तिथे एक नवी सोय बसवली... तिसऱ्या जागेत काही भरलेलं असेल तर 'जरा उशीर झाला तरी चालेल' असा अर्थ घ्यायचा. म्हणजे चार मशीन एकदम उठवता येतात आणि वीज वाचते. जुनी मशीन ती जागा रिकामीच ठेवणार, तेव्हा त्यांना काही फरक पडणार नाही, असा माझा हिशोब होता. डिझाइनवर मी भलतीच खूश होते.

या मिलचं रंगाचं सॉफ्टवेअर अशाच एका व्हर्च्युअल मशीनवर चालतं आणि ते फार जुनं. ते बनवणारे कधीच दुकान बंद करून गेले, त्यामुळे त्यात बदल करणं शक्यच नाही. स्क्रीनवर बीप वाजला की ऑपरेटरने रंगाचा व्हॉल्व्ह उघडायचा, एवढी साधी पद्धत.

ट्रायलचा लॉट बाहेर आला... आणि कापडावर डागच डाग. कुठे गडद, कुठे फिका.

रंगखात्याच्या मास्टरनी स्क्रीन बघितली. रंगाच्या डोसची ठरलेली वेळ वेगळी आणि व्हॉल्व्ह उघडल्याची वेळ चांगलीच पुढची. ते मामांवर गुजरातीत कडाडले, "ध्यान क्यां हतुं तमारुं?" मामा एवढंच म्हणाले की बीप वाजला तेव्हाच उघडला. पण ऐकतंय कोण! मास्टरनी सुपरवायझरला हाक मारली, यांना आजच मशीनवरून काढून फोल्डिंगला टाका म्हणाले. इतक्या वर्षांच्या ऑपरेटरला कापडाच्या घड्या घालायला... मामांनी मान खाली घातली.

मी तोवर लॅपटॉपवर कॉल तपासत होते. तिसरी जागा रिकामी नव्हतीच. त्या जुन्या सॉफ्टवेअरने ती कधी साफच केली नव्हती, आधीच्या कामाचा उरलासुरला आकडा तिथे तसाच पडलेला असायचा. आजवर ती जागा कुणी वाचत नव्हतं म्हणून सगळं सुरळीत होतं. आता मी वाचायला लागले होते आणि त्या कचऱ्याचा अर्थ 'उशीर चालेल' असा लावत होते. व्हर्च्युअल मशीन उशिरा उठली, बीप उशिरा वाजला. मामा वेळेवरच होते.

"मामा, थांबा, चूक माझी आहे!" मी जोरात ओरडले. मग जीभ चावली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मास्टरना लॅपटॉप दाखवला, जमेल तसं समजावलं. त्यांनी मामांना मशीनवर ठेवलं, पण 'मामा' हा शब्द सगळ्यांच्या कानात राहिला. घरी मामा जेवताना माझ्याकडे बघेनात. "कसाले बोलनी तू तठे? सगळासले माहीत पडी गयं." मला फार वाईट वाटलं. मामांचं नाव वाचवायला गेले आणि वर नात्याचा संशय चिकटवून आले.

मग दुरुस्ती केली. जुना कॉल होता तसा परत केला, तिसऱ्या जागेत काय वाट्टेल ते पडलेलं असो, तिकडे बघायचंच नाही. नव्या सोयीला नवा नंबर दिला. ज्याला ती हवी त्याने आधी 'ही सोय आहे का?' असं विचारायचं आणि मगच वापरायची. डिझाइन आता जरा ओबडधोबड दिसतं... दिसू दे.

काल पुन्हा ट्रायल झाली. बीप वेळेवर, शेड अगदी सॅम्पलसारखी. मास्टर कापड उलटंसुलटं करून बघत राहिले आणि लॉट पुढे पाठवायला सांगून निघून गेले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

मी लॅपटॉप आवरत होते. तेवढ्यात मशीनच्या आवाजावर आवाज चढवून, सगळ्या खात्याला ऐकू जाईल असे मामा ओरडले, "वो पोरी, चहा पी ले!"

'मॅडम' नाही म्हणाले. डोळे भरून आले, मशीनच्या वाफेवर ढकललं... चहा मात्र दोन कप प्यायले.