उकिरड्यावरची गुलछडी

सायकलची ट्यूब दाबून पाहावी तसा तो गुलछडीचा कांदा अंगठ्यानं दाबायचा आणि म्हणायचा, "हवा हाये याच्यात." कांदा घट्ट लागला की जिवंत, पोचट लागला की गेला. मारेगावात आमच्या कुंपणापलीकडं राहणारा हा मिस्त्री. जन्मभर मोटारसायकली दुरुस्त केल्या, म्हातारपणी फुलं लावत बसला. असा एखादा माणूस तुमच्याही शेजारी असेल.

मला तो आवडायचा नाही. आहे ते लिहितो.

गुलछडी मूळची माझ्या बायकोची. मुकुटबनहून, माहेरून पदरात बांधून आणलेली. मोरीच्या पाण्यावर तिनं वाफा केला. पांढरी फुलं आली की आधी देवाला, मग अंबाड्यात, आणि दोन दांड्या कुंपणावरून मिस्त्रीला. त्या दोन दांड्या मला खुपायच्या. कुंपणाशी उभं राहून दोघं मातीचं, शेणखताचं बोलायचे. ती हसायची. मी कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करून यायचो, जेवायचो, झोपायचो. माझ्यापाशी ती तशी हसल्याचं आठवत नाही.

"काय बोलत होतीस एवढं?"

"कांद्याचं. तुमाले काय समजते त्यातलं? मिस्त्रीभाऊले इचारलं तं धा गोष्टी सांगतेत."

तीन वर्षांमागं पौषात ती गेली. वाफ्यातली पानंही पिवळी पडून लोळली. मला वाटलं, तिच्यामागं हेही मेलं. रागानं फावडं घेतलं, सगळं उपटलं, उकिरड्यावर नेऊन टाकलं.

मिस्त्री कुंपणावरून ओरडला, "भाऊ, मेले नाही ते! थंडीत झोपतेत. काहून उपटून राह्यले?"

"माह्या बायकोचे हायेत. तू कोन सांगनारा?"

तो आत निघून गेला. संध्याकाळी घमेलं घेऊन उकिरड्यावर वाकलेला दिसला.

श्रावणात त्याचं अंगण पांढरं झालं. वास सरळ माझ्या घरात. मी खिडकी लावून घेतली. तिनं आणलेली झाडं, मी फेकलेली, आणि फुलली त्याच्याकडं! अंगाची लाही व्हायची.

"घेऊन जा भाऊ," तो म्हणाला. "अमानत हाये तुमची."

"टाकलेलं मी उचलत नाही."

मग दर श्रावणात खिडकीच्या फटीतून बघत बसायचो. मागावंसं रोज वाटे. तोंड उघडलं नाही.

यंदा उन्हाळ्यात मिस्त्रीही गेला. त्याचा चाळिसावा दिवस झाला आणि मुलानं फरशी घालायला अंगणात रेती आणून टाकली. तेव्हा मात्र मी खुरपं घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो.

"कांदे पाह्यजे होते," मी म्हटलं.

सून म्हणाली, "घ्या न, काका. अब्बा सांगून गेले, भाऊ खुद मागाले येतीन, तवर कोनाले हात लावू देजा नका."

मी तिथंच मातीत बसलो. खुरप्यानं उकरायला लागलो. कांदे दोन घमेली निघाले.

मोरीपाशी वाफा पुन्हा केला आहे. मातीतून कोंब वर आले आहेत. पण जीव जळायचा थांबला नाही. मिस्त्री तिच्याकडं माझ्या आधी पोचला. ती आधी गुलछडीचंच विचारणार, आणि सांगणार तो. उकिरड्याचंही सांगेल, दोघं हसतील.

हसोत. कांदे मी मागून आणले, हे त्याला कुठं ठाऊक? तेवढं तिला मीच सांगणार.