मागीलदाराचा रिमोट

चंपाच्या घराला दोन दारं. पुढीलदारी पडवी, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि घंटीचं बटण. तिथून पोस्टमन येतो, मतं मागणारे येतात, लग्नाच्या पत्रिका येतात. मागीलदारी न्हाणी, शेवग्याचं झाड आणि चिऱ्याच्या गडग्यात, कुंपणाच्या भिंतीत, पडलेली एक फट. त्या फटीतून अंग चोरून गेलं की समोर हौसाचं मागीलदार.

चंपा लग्न होऊन भाट्याला आली त्याच वर्षी हौसाही आली. चंपाला पुढे अंगणवाडीत काम मिळालं. सकाळी ती खिचडीचा टोप चढवायला जाई तेव्हा तान्ह्या धम्मदीपला हौसा त्या फटीतून उचलून नेई, आणि दुपारी न्हाऊमाखू घालून, पोट भरून परत आणून ठेवी. आणताना हाक मारायची पद्धत नव्हती. मागीलदारानं येणारं माणूस हाक मारत नाही. हौसा आत येई, टोपावरचं झाकण उचलून आज काय केलंय ते बघे, नाक मुरडे, नाहीतर बोटानं चाखे. स्वतःकडे काही वेगळं शिजलं असेल तर वाडगा स्वयंपाकाच्या कट्ट्यावर झाकून ठेवून निघून जाई. चंपा झोपलेली असली तर उठल्यावर वाडगा बघून तिला कळायचं. वाडगा धुऊन परत द्यायचा, पण रिकामा द्यायचा नाही.

चंपाचा नवरा रामजी गेला तेव्हा लोक पुढीलदारी जमले. हौसा मागून आली आणि कोणी न सांगता चहाचं आधण ठेवून बसली.

आता धम्मदीप ठाण्याला असतो, बायको नोकरी करते, दोन मुलं. आईनं आपल्याकडे येऊन राहावं असं तो दर सुट्टीत म्हणतो आणि चंपा दर सुट्टीत पुढच्या सुट्टीवर ढकलते. गणपतीनंतर पलीकडच्या वाडीत दोन बंद घरं फुटली, तेव्हापासून तो ऐकेना. एका शनिवारी तो खोकं घेऊनच आला. दार उघडल्याचं कळवणारे, दारांना चिकटवायचे पांढरे तुकडे, भिंतीवर लावायचं यंत्र, भोंगा, आणि किल्लीला अडकवायचे दोन छोटे रिमोट. हे जमलं तर तू इथे राहा, तो म्हणाला, नाही जमलं तर पावसाच्या आधी मी तुला घेऊन जाणार. तो हसत म्हणाला, पण चंपानं त्याचे डोळे बघितले. ते हसत नव्हते.

म्हणून तिनं मन लावून शिकून घेतलं. यंत्राच्या कडेचं बटण दाबून धरायचं, ते एकदा वाजलं की रिमोटचं बटण दाबायचं, हिरवा दिवा लागला की रिमोट जोडला गेला. धम्मदीपनं पहिला जोडला आणि आपल्या फोनमध्ये त्याला नाव दिलं, ‘आई’. दुसरा त्यानं तसाच कपाटाच्या खणात टाकला, पहिला हरवला तर असावा म्हणून. मग बटणं. बंद कुलूप म्हणजे बाहेर जाताना. उघडं कुलूप म्हणजे आल्यावर. घराचं चित्र म्हणजे आपण आत, दारांवर पहारा. विजेचं चित्र फक्त जीवावर बेतलं तर. त्यानं तिला पडवीतून पाच-सहा वेळा आत-बाहेर करायला लावलं. अंगणवाडीतल्या पोरांना डावा-उजवा हात शिकवताना ती जशी धीर धरायची तसा धीर तो तिच्यासाठी धरत होता, आणि ते तिला जितकं बरं वाटत होतं तितकंच बोचत होतं.

पुढीलदारासमोर नवा बंगला बांधून राहायला आलेले निवृत्त साहेब, विनोदराव, यांचा नंबरही त्यानं यंत्रात घातला. भोंगा वाजला की त्यांच्या फोनवरही कळेल. हौसाचा नंबर घालायचं कोणाच्या मनात आलं नाही. तिचा फोन साधा होता, आणि ती तर घरचीच.

तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. दुपारी सिस्टीम बंद का दिसते, तू झोपतेस ना तेव्हा, चोर काय रात्रीची वेळ बघून येतात का. चंपा म्हणाली, बरं. दुसऱ्या दिवशी जेवून आडवं होताना तिनं घराचं चित्र दाबलं. यंत्र एकदा वाजलं. आपण पास झालो असं वाटून तिला छान झोप लागली.

ती उठली ती भोंग्यानं. असा आवाज तिनं फक्त बंदरावर ऐकला होता. रिमोट उशीखाली, कुठलं कुलूप उघडं नि कुठलं बंद ते दिसेना. चष्मा सापडेपर्यंत ते बोंबलतच राहिलं. शेवटी ते थांबलं आणि ती स्वयंपाकघरात धावली. हौसा जमिनीवर बसली होती, पाठ भिंतीला, दोन्ही कानांवर हात. ओल्या काजूची आमटी लादीवर पसरली होती आणि वाडगा कट्ट्याखाली उलटा पडला होता. मागीलदारात विनोदराव काठी घेऊन उभे होते, त्यांच्यामागे वाडीतली चार माणसं.

विनोदरावांनी काही वाईट शब्द काढला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की तुम्ही मागच्या दारानं कशाला शिरलात?

हौसानं कानावरचे हात काढले. तिनं विनोदरावांकडे बघितलं नाही, चंपाकडे बघितलं. चंपानं तेव्हाच म्हणायला हवं होतं की ही माझी हौसा आहे, हिला विचारणारे तुम्ही कोण. पण तेवढ्यात फोन वाजला, धम्मदीपचा, आणि ती त्याला सांगायला लागली की काही नाही रे, चोर नाही, हौसाकाकू आहे. फोन ठेवेपर्यंत हौसा उठून गेली होती. वाडगा तिथेच राहिला.

दोन दिवस ती आली नाही. तिसऱ्या दिवशी पुढीलदारी घंटी वाजली. चंपानं दार उघडलं तर हौसा, नवं लुगडं, डोक्यावरून पदर.

“वाडगा राहिलाय माझा,” ती म्हणाली. “सवड असली तर द्या, चंपाबाई.”

‘गो चंपे’ सोडून दुसऱ्या नावानं हौसानं तिला आयुष्यात हाक मारली नव्हती. चंपा म्हणाली, आत ये, बस तरी. हौसा म्हणाली, घाई आहे, आणि वाडगा न घेताच पायरी उतरली. ती गडग्याच्या फटीकडे वळली नाही. रस्त्यानं लांबून वळसा घालून गेली.

चंपानं त्या दुपारी खणातला दुसरा रिमोट काढला. यंत्राचं बटण दाबून धरलं, ते वाजलं, रिमोट दाबला. हिरवा दिवा पहिल्याच खेपेला लागला. स्वतःच्या हातानं केलेल्या या कामाचा तिला आनंद होणार तोच फोन आला.

“आई, नवीन रिमोट जोडलाय असं दिसतंय. कोणाला देतेयस?”

“हौसाला.”

“ते कोणालाही द्यायचं नसतं गं.”

“कोणालाही देत नाही मी,” चंपा म्हणाली. “तुला न्हाऊ घालायची तिला देतेय.”

तो म्हणाला, तसं नाही, पण काकू विसरभोळी, रिमोट कुठेतरी टाकेल, कोणाच्या हाती पडेल. त्यापेक्षा तू इकडेच ये ना, हा सगळा व्यापच नको. चंपानं फोन ठेवला. पुढचं ती आता त्याच्याआधी म्हणू शकली असती.

हौसा अंगणात आमसुलं वाळत घालत होती. चंपानं रिमोट तिच्यापुढे धरला आणि समजावून सांगितलं. येताना हे उघडं कुलूप दाबायचं, मग काही वाजत नाही. हौसानं रिमोट तळहातावर घेऊन उलटासुलटा केला.

“ह्याच्यातला कुठला दाबला की मी चोर नाय ठरत?”

“हौसा, अगो, तसं—”

“तुज्या पोरानं बसवलंय, त्याचं काय चुकलं नाय. त्याला तू हवीस.” तिनं रिमोट चंपाच्या मुठीत परत दिला. “पण बटन दाबून तुज्या कट्ट्यापर्यंत यायचं असंल तर पुढीलदार बरं. तिथं माणसाला हाक तरी मारता येते.”

निदान ‘तुज्या’ म्हणाली, एवढंच घेऊन चंपा घरी आली. रात्रभर तिला तेच आठवत राहिलं. भोंगा नाही, आमटी नाही. हौसानं आपल्याकडे बघितलं आणि आपण फोन उचलला, ते.

सकाळी तिनं वाडगा पुन्हा घासला. तळाशी मशिनीनं कोरलेलं हौसाचं नाव आणि काठाला त्या दिवशीचा नवा पोचा. तो पोचा तिनं वरवंट्यानं काढून बघितला, निघाला नाही. मग तिनं सुका जवळा भाजला, कांदा, ओलं खोबरं, कोकम घालून हौसाला आवडते तशी तिखट चटणी केली, वाडगा भरला, वर ताटली झाकली.

रिमोट खिळ्याला टांगलेला होता. तिनं त्याच्याकडे बघितलं. आता निघताना बंद कुलूप दाबायचं होतं. नाही दाबलं तर उघडं दार ठाण्याला फोनवर दिसणार, मग फोन येणार, मग पावसाच्या आधीचं बोलणं निघणार. शिवाय दोन घरं फुटली होती, तेही खरंच होतं. इतकी वर्षं उघड्या मागीलदाराची भीती तिला कधी वाटली नव्हती, आणि आज ती स्पष्ट जाणवत होती. तरी रिमोट तिनं खिळ्यालाच राहू दिला, फोन कट्ट्यावर तसाच ठेवला, दार सताड उघडं टाकलं आणि ती गडग्याच्या फटीतून वाकून निघाली. पाठीला चिरा घासला. इतकी वर्षं बहुतेक वेळा हौसाच आली होती. आपण किती कमी वेळा या बाजूनं गेलो, हे तिला त्या फटीत कळलं.

हौसाचं मागीलदार लोटलेलं होतं. चंपानं ढकललं. ते हललं नाही. आतून कडी होती.

हौसाच्या मागीलदाराला दिवसा कडी तिनं कधी बघितली नव्हती.

आत भांडी वाजत होती. चंपाचा हात दारावर टकटक करायला उठला आणि तिनं तो मागे घेतला. मागीलदारी टकटक करत नाहीत, हाकही मारत नाहीत. ती पायरीवर बसली. वाडगा मांडीवर घेतला, ताटली जराशी सरकवली, म्हणजे वास आत जाईल. तिकडे तिच्या घरात फोन वाजायला लागला. गडग्यापलीकडून तो स्पष्ट ऐकू येत होता. वाजून थांबला आणि परत वाजायला लागला.

आतली भांडी वाजायची थांबली. चंपा बसून राहिली.