दहाच्या पाण्यावरचा ओटीपी

शासन आता नागरिकाच्या खिशात पोहोचले आहे, असे उमापूरच्या सेवा केंद्रातल्या फलकावर लिहिले आहे. ते खरेच आहे. खिसा कोणाचा, एवढाच प्रश्न उरतो.

मी हयातीच्या दाखल्यासाठी गेलो होतो आणि मी जिवंत असल्याची यंत्राला खात्री पटेपर्यंत बाकावर बसून होतो. शेजारी धनगरवस्तीवरची एक मुलगी. नर्सिंगच्या प्रवेशाचा तो शेवटचा दिवस. रहिवासी दाखल्याच्या अर्जाची पोच दुपारपर्यंत जोडली तरच तिची जागा राहणार होती. अर्जाला ओटीपी हवा आणि तो जाणार चुलत्याच्या फोनवर. आधार कार्डं काढली तेव्हा वस्तीत फोन एकच होता, म्हणून सगळ्यांनी तोच नंबर दिला होता. चुलता मेंढरं घेऊन कपिलधारच्या डोंगराकडे गेलेला.

केंद्र चालवणाऱ्या बाईंच्या भिंतीवर कार्यपद्धतीचा सरकारी तक्ता होता, चौकटी आणि बाणांचा. मेंढरांची चौकट त्यात नव्हती. बाईंनी ती मनातल्या मनात घातली होती. मेंढरं दहाला पाण्यावर येतात आणि रेंज तेवढ्या जागीच असते. म्हणून या वस्तीचे अर्ज बाई दहाच्या आत भरून, कागद तपासून, फोटो चढवून तयार ठेवत. शेवटचे बटण तेवढे बाकी. एवढ्यासाठी एखाद्या सल्लागाराने चार कार्यशाळा घेतल्या असत्या.

दहाला बाईंनी फोन लावून स्पीकरवर टाकला आणि बटण दाबले.

"मामा, आला का नंबर?"

"आला की. चार... सात... आरं थांब! मेंढरू घुसलं ज्वारीत!"

"काका, मेंढरू राहू दे की!" मुलगी ओरडली.

"राहू दे कसं? तुजा दाखला दावू का ज्वारीवाल्याला?"

मग नुसतीच शिट्टी आणि शिव्या ऐकू आल्या. ओटीपीची मुदत संपली. मुलीचा चेहरा उतरला. बाईंनी शांतपणे पुन्हा बटण दाबले.

"आता दुसराच आलाय बाई. कोनता सांगू?"

"नवा सांगा. मेंढरांकडं पाठ करा आन् सांगा."

त्याने सांगितला. पोच निघाली, जोडली गेली, जागा राहिली. मी खुर्चीतल्या फार लोकांना उठून नमस्कार केलेला नाही, बाईंना केला.

अर्ज यशस्वीरीत्या सादर झाल्याबद्दल अभिनंदनाचा संदेश चुलत्याच्या फोनवर गेला. त्याला आकडे तेवढे वाचता येतात.