शेवटच्या खंडाचे दोन भाग

आमच्या शेजारचे सर लातुरात केमिस्ट्रीचा क्लास घेतात. जाड पुस्तक बघून पोरं घाबरतात म्हणून ते त्याचे भाग कापतात आणि स्पायरल मारून आणतात. बायकोचं पाककृतींचं पुस्तकही सुटलेलं नाही.

सरांना आणि मला ड्रॅगनच्या एका कादंबरीमालिकेचं वेड. राणी जगते की मरते, या काळजीत आम्ही वर्षं काढलेली. शेवटचा खंड अखेर माझ्याकडे आला. सर तो फक्त बघायला म्हणून घेऊन गेले आणि तासाभरात दोन स्पायरल घेऊन परतले.

"पहिला भाग मी वाचतो, दुसरा तुम्ही सुरू करा. दोघांचंबी एकदमच होतंय."

"अहो सर, गोष्ट आहे ती."

"हाव, पण सिलॅबस तर तोच हाय ना."

दुसऱ्या दिवशी ते दारात आले, चेहरा उतरलेला. "राणी कड्यावरून पडली, अन् माझा भाग संपला."

"माझ्या पहिल्याच पानावर तिचं लग्न लागतंय."

सरांनी चौकट धरली. "कुणासंगं?"

"इथं नाव नाही. डाव्या हाताला सहा बोटं आहेत, एवढंच."

"मग माझ्या भागातला आपला लोहारच की हो," म्हणत सर तसेच अनवाणी पेढे आणायला निघाले.