नणंदेची पापं

माझी नणंद जन्मापासून बहिरी आणि मुकी आहे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती सतरा वर्षांची होती. त्याला आता पन्नास वर्षं होत आली. तिचं लग्न झालं नाही. तिच्याशी बोलायचं ते हातांनी, आणि तिचे हात घरात दोघींनाच पुरते कळत होते. एक माझी सासू, ती गेली. दुसरी मी. तिच्या सख्ख्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, जेवण, पाणी आणि बैल एवढ्याच खुणा येतात.

गावात सगळे तिला भोळी म्हणतात. ज्याला बोलता येत नाही तो भोळाच, असं लोकांना वाटतं. मी पन्नास वर्षं तिच्याशी भांडत आले आहे. ती भोळी नाही.

आमचं गाव साकोली तालुक्यात, एकोडीच्या पुढे. ख्रिस्ती घरं नऊ. सासरे मिशनच्या दवाखान्यात स्वयंपाकी होते, तेव्हापासून हे घर चर्चमध्ये जातं. नणंदेचा बाप्तिस्मा ती पाळण्यात असताना झाला. पण पहिला ख्रिस्तप्रसाद, फादर जिभेवर ठेवतात ती गोल पातळ भाकर, तिला कधी मिळाला नाही. प्रसाद घ्यायच्या आधी फादरपुढे बसून आपली पापं सांगावी लागतात. ही सांगणार कशी? तेव्हाच्या म्हाताऱ्या फादरनी सासूची समजूत घातली, "हिला पाप कळतच नाही. हिला कशाची गरज नाही." सासूनं हात जोडले आणि विषय संपला.

चर्चमध्ये आम्ही सतरंजीवर बसतो. प्रसादाची वेळ झाली की सगळे उठतात. ती गुडघे पोटाशी घेऊन मला वाट द्यायची. मी जाऊन आले की पुन्हा गुडघे घ्यायची. इतकी वर्षं हे चाललं. माझं लक्ष नव्हतं असं मी म्हणणार नाही. होतं. पण आमचं पटत नव्हतं, म्हणून मी काही केलं नाही. हेही खरं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नातीला पहिला प्रसाद मिळाला. आठ वर्षांची पोर, पांढरा फ्रॉक, डोक्यावर जाळी. घरी सगळ्यांनी खीर खाल्ली. नणंदेनं वाटी हातात घेतली नाही. तिनं मला दंडाला धरून परसात नेलं. हातानं नातीची उंची दाखवली, मग स्वतःची. मग जीभ बाहेर काढून तिच्यावर बोट ठेवलं. मलाही जीभ आहे. आणि तळवा उलटा करून माझ्यापुढे धरला. काहून नाही?

मी खूण केली, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिनं मला हलवून जागं केलं.

आमचे आताचे फादर तरुण आहेत, केरळातले. दर रविवारी मोटारसायकलनं येतात. मराठी शिकले आहेत, मधेमधे हिंदी घुसते. त्या रविवारी ते गाडीला किक मारणार, तेवढ्यात मी गाडीपुढे उभी राहिले.

"फादर, माझ्या नणंदेले प्रसाद द्या."

"त्या बोलत नाहीत, त्या? माय, त्या तर एकदम पवित्र आहेत. देवदूत."

"कायची देवदूत! मले विचारा. खोटं सांगते. चोरून खाते. राग धरला तं सहा सहा महिने सोडत नाही. मी निवडलेल्या तांदळात तिनं मुद्दाम खडे टाकले आहेत. पापं भरपूर आहेत तिच्यापाशी. सांगायची सोय नाही, एवढंच."

फादर आधी हसले, मग गाडीवरून उतरले. ते म्हणाले, खुणांनी सांगितलं तरी चालतं. मधे दुभाषी बसवता येतो. पण दुभाष्यानं जे कळलं ते मरेपर्यंत कोणाला सांगायचं नाही. "जमेल, माय?"

"जमवीन."

घरी नवरा खो खो हसला. "तुया तोंडात तीळ भिजत नाही, अन् तू तिची पापं ठेवशीन?"

नणंदेला मी सगळं समजावलं. तिनं मूठ पिळून फादरची खूण केली, गाडीचा कान पिळतात तशी. मग स्वतःच्या छातीला हात लावला. मी आणि फादर. मग अंगठा आणि चार बोटं भराभरा उघडली, मिटली. न थांबणारं तोंड. ही माझी खूण आहे, लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासूनची. आणि तिनं दोन्ही तळवे एकमेकांवरून झाडले. ही नको.

मला राग आला. तिच्यासाठी मी भर रस्त्यात फादरची गाडी अडवली होती. पण रात्रीचा भात होईपर्यंत मी विचार केला. तिच्यासमोर बसून माझी पापं सांगायला मी तयार झाले असते का? माझी अर्धी पापं तिच्याच बाबतीतली आहेत.

मग एकच रस्ता राहिला. मी पुढच्या रविवारी फादरना सांगितलं, "ती माझ्यासमोर बसत नाही. तुम्हालेच शिकावं लागते."

"मी? किती दिवसांत?"

"उपवासकाळाचे चाळीस दिवस आहेत. ईस्टरले तिच्या जिभेवर प्रसाद पाहिजे."

उपवासकाळात फादर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला येतातच. बुधवारचं येणं त्यांनी वाढवलं. अंगणात मोहफुलं वाळत पडलेली असायची, ओसरीत आम्ही तिघं. फादर किती तरी वर्षं कॉलेजात शिकलेले आणि मी चौथी पास. खोटं म्हणजे तोंडापासून बोट वाकडंतिकडं न्यायचं. राग म्हणजे दातांवर दात, छातीवर मूठ. चोरी म्हणजे मूठ काखेत. पहिल्या दिवशी तिनं मूठ काखेत घातली तर फादरना वाटलं, ताप मोजते आहे. त्यांनी पिशवीतून गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. नणंदेनं गोळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

तिसऱ्या आठवड्यातही ते "काल" आणि "उद्या" उलट करत. मी त्यांच्या हातावर चापट मारली. मारल्यावर लक्षात आलं, आपण फादरला मारलं.

"मारा, माय," ते म्हणाले. "नाही तर येणार नाही."

माझी खूणही शिकवावी लागली. बोटं उघडली-मिटली आणि म्हटलं, "हे म्हणजे मी." ते हसायला लागले. "हसू नका. लय कामी येणार आहे तुमच्या."

तिला प्रसाद कशाचा, हे शिकवायची मात्र मला काळजी होती. त्याची खूण मला सुचत नव्हती. फादरनी हातांनी मोडकंतोडकं विचारलं. तिनं भिंतीवरच्या क्रूसाकडे बोट केलं. आपल्या तळहातात खिळ्यासारखं बोट टोचलं, एका आणि मग दुसऱ्या. मग अंगठा आणि बोटाचा गोल केला आणि जिभेवर ठेवला. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सतरंजीवर बसून तिनं ते स्वतः जाणलं होतं. फादर म्हणाले, "हे तर मी पण इतकं सोपं नाही सांगू शकत."

पापं सांगायचा दिवस ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातला बुधवार. आमचं चर्च म्हणजे एक मोठी खोली. वेदीजवळ दोन खुर्च्या ठेवतात. एकेक जण तिथे जाऊन कुजबुजतो, बाकीचे दूर सतरंजीवर. ऐकू जात नाही. पण नणंदेचं बोलणं दुरूनही दिसणार होतं, आणि साऱ्या गावात ते वाचणारी मी एकटी. फादर लांबून म्हणाले, "माय, तोंड रस्त्याकडे."

मी दाराकडे तोंड करून बसले. मागे तिच्या बांगड्या वाजू लागल्या. आधी हळू, मग भराभर. बांगड्या अशा वाजल्या की ती रंगात आली आहे, हे मला कळतं.

शेजारची बाई वेदीकडे तोंड करून बसली होती. ती माझ्या कानाला लागली. "अवो काकू, तुमची नणंद किती हात हालवून राहिली! काय म्हणते?"

"मले काय मालूम."

"पहा ना जरासं. कोण पाहून राहिलं तुमाले?"

"तू तुझी पापं आठव."

ती गप्प बसणारी नव्हती. "आता असं असं करून राहिली," म्हणाली आणि माझ्या नाकासमोर तिनं बोटं उघडली, मिटली. "पुन्हा केलं. अवो, पुन्हा केलं! चौथ्यांदा!"

मी तिचा हात धरून खाली दाबला आणि डोळे मिटून घेतले. मान अशी खेचत होती, जशी दोरानं कोणी ओढावी. चौथ्यांदा काय म्हणाली असेल? खड्यांचं, की सासूच्या आजारपणातलं, की त्याच्या आधीचं काही? एकदा वळले असते तर सगळं कळलं असतं. मी वळले नाही. आयुष्यात पुष्कळ धान रोवलं, पाच बाळंतपणं काढली. त्यातलं काही या पाऊण तासाइतकं जड गेलं नाही.

बांगड्या थांबल्या. माझ्या खांद्यावर टिचकी बसली. ती उभी होती, चेहरा घामानं ओला. खूण केली, जा, तुझी पाळी. मी फादरसमोर बसले तर ते माझ्याकडे न बघता जमिनीकडे बघत होते.

"फादर, तिनं माझ्याबद्दल..."

"माय, तुम्ही तुमची पापं सांगा."

ईस्टरच्या दिवशी ती नवं पांढरं लुगडं नेसली. प्रसादाच्या वेळी मी तिला हात देणार होते, पण तिनं मला कोपरानं मागे सारलं आणि रांगेत सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. फादरनी प्रसाद उचलून "ख्रिस्ताचं शरीर" म्हटलं. मग मोकळ्या हातानं क्रूसाकडे बोट केलं आणि तिच्या डोळ्यांपुढे आपल्या तळव्यावर खूण केली. इथे "आमेन" म्हणायचं असतं. नणंदेनं पोटातून आवाज काढला, "आऽऽ". इतका मोठा की लेकरं दचकली आणि चिमण्या वाशावरून उडाल्या. कोणी हसलं नाही. तिनं जीभ पुढे केली.

चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत. त्या दिवशी वाजल्या. तिला ऐकू येईना, म्हणून मी तिला धरून मागे वळवलं. नऊ घरांची माणसं टाळ्या वाजवताना तिनं पाहिली. लाजलीबिजली नाही. उजवीकडून डावीकडे सगळ्यांकडे नीट पाहून घेतलं आणि मग जागेवर जाऊन बसली.

दुपारी फादर आमच्याकडे जेवले. निघताना गाडीवर बसून त्यांनी एका हातानं तिला काही सांगितलं. तिनं दोन्ही हातांनी उत्तर दिलं आणि फादर पोट धरून हसले. मी चुलीपाशी होते. धुरातून हात नीट दिसेपर्यंत त्यांचं बोलणं संपलं होतं.