राजवाड्यापुढे एकटे बाबा

पहिला फोटो आला तेव्हा मी कॅनडात, एडमंटनमधल्या भाड्याच्या बेसमेंटमध्ये उभ्या उभ्या सकाळचा चहा ढोसत होते. व्हिएन्ना. मागे पसरलेला राजवाडा, पुढे बाबा, हात मागे बांधून, साहेब तपासणीला आल्यासारखे. जन्मभर कलेक्टर कचेरीत कारकुनी केलेला माणूस. डोंगर-नद्यांचं त्यांना काही नाही, पण सरकारी इमारत दिसली की गडी खूश. खाली लिहिलेलं, 'आता इथे राष्ट्रपतींचं ऑफिस आहे. एवढ्या खोल्यांत फाइल सापडते कशी, देव जाणे.'

मला हसू आलं. पण आई कुठाय?

दोघं एका मराठी टूरबरोबर युरोपला गेले होते, पहिल्यांदाच. मी विचारलं, तर उत्तर आलं, 'मग फोटो कोण काढतंय?' पटण्यासारखं होतं. पण माझा स्वभाव मेला संशयी. आईने काढलेला फोटो मी झोपेतही ओळखेन. इमारत कलंडलेली, माणसाचे पाय कापलेले आणि कोपऱ्यात तिचा अंगठा. हा फोटो सरळ होता, बाबा बुटांसकट. मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी पिवळा राजवाडा. आई नाही. 'दमलीय, बागेत बसलीय.' तिसऱ्या दिवशी कुठलंसं मंत्रालय, पायऱ्यांवर बाबा. आई म्हणे बाथरूमला. आणि मी फोन केला की हॉटेलचं वायफाय नेमकं तेव्हाच जायचं! ग्रोसरी स्टोअरमध्ये गिऱ्हाइकांची केळी स्कॅन करताना वाईट तेवढंच डोक्यात यायचं. आमच्या घरची रीत मला ठाऊक होती. परदेशातल्या मुलीला वाईट बातमी कळवायची नाही. आजोबा गेले ते मला तेराव्यानंतर सांगितलं. का, तर माझी परीक्षा होती.

चौथ्या दिवशी बाबा फसले. टूरचं पत्रक मी फ्रिजवर लावलेलं. त्याप्रमाणे मंडळी बुडापेस्टला पोचलेली. फोटोही आला, 'बुडापेस्टचं संसद भवन.' देवळासारखे जाडजूड खांब, पुढे सोनेरी शिरस्त्राण घातलेली देवी. मी गूगल केलं. बुडापेस्टची संसद नदीकाठी, टोकदार मनोऱ्यांची. देवीवाली व्हिएन्नाची.

लगेच व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, तुम्ही अजून व्हिएन्नातच आहात. आई कुठाय? खरं सांगा, नाहीतर टूरवाल्यांना फोन लावते."

"अगं, आधी तू खाली बस," बाबा म्हणाले.

मग त्यांनी फोन वळवला. हॉस्पिटलचा पलंग, त्यावर आई. कपाळावर टिकली नाही, चेहरा एवढासा. पहिला फोटो यायच्या आदल्याच दिवशी राजवाड्याच्या पायरीवरून घसरली होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशनही झालं. टूर पुढे निघून गेली, हे दोघं मागे राहिले.

"मीच ह्यांना रोज हाकलत होते," आई म्हणाली. "म्हटलं, जा, एखादी इमारत बघा, कुणाकडून तरी फोटो काढून घ्या, पाठवा. नाहीतर कार्टी संशय घेईल."

ती जिवंत आहे हे कळलं आणि मी भडकलेच. "ऑपरेशन झालं आणि मला पत्ता नाही? मी कोण, शेजारीण?" तोंडाला येईल ते बोलले. आजोबांचंही काढलं. बाबा मान खाली घालून उभे. आईने मला सगळं बोलू दिलं.

"सांगितलं असतं, तर आली असतीस?"

"आले असते!"

"कशी?"

माझं वर्क परमिट संपत आलेलं. पीआरला, म्हणजे कायमचं राहायच्या परवान्याला, अप्लाय करून बसलेली, त्याचा काही पत्ता नाही. एकदा बाहेर पडले तर परत आत घेतील याची खात्री नव्हती. तिकडचा व्हिसाही काही चार दिवसांत हातात पडत नाही. आणि हे सगळं रडगाणं दर रविवारी फोनवर मीच तिला ऐकवत आलेले.



"जा बाई," आई म्हणाली, "तुझी शिफ्ट असेल."

होती. मी गेले.